कातडीच्या वाटेने

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकाच तऱ्हेची माणसे येऊ लागली. उलट्या, दरदरून घाम, तोंडातून गळणारी लाळ, हातापायांना कंप. काहींची दृष्टी अंधूक झाली होती, काहींना दिसतच नव्हते. कापसाच्या पट्ट्यात विषबाधेचा रुग्ण आला की पहिला संशय आत्महत्येचा येतो. पण या माणसांनी काहीही प्यायलेले नव्हते. ती कपाशीवर फवारणी करून आली होती. हंगाम संपेपर्यंत एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांत शेतकरी होते, पण दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूर फार मोठ्या संख्येने होते.

न पिता विष अंगात गेले कसे? याचे उत्तर २०१७ साली शोधण्याची गरजच नव्हती. ते त्याच्या सेहेचाळीस वर्षे आधीच मिळाले होते, टक्केवारीसकट. कातडीच्या कोणत्या भागातून किती विष आत शिरते, याचा तक्ता १९७१ साली छापून आला होता. त्याच वर्षी भारतात कीटकनाशकांचे नियमही लागू झाले. तरीही हे ज्ञान यवतमाळच्या बांधापर्यंत आले नाही. ते कुठे पोचले आणि कुठे अडले, याचा इतिहास पाहायचा तर पुण्याला वगळता येत नाही. राज्याचे कृषी आयुक्तालय पुण्यात आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कीटकनाशके देशातच बनवण्याच्या प्रक्रियांवर काम झाले. आणि फळावर उरलेला विषाचा अंश मोजण्यात देशात अग्रणी असलेली प्रयोगशाळा पुण्याच्या वेशीवर, मांजरीत आहे.

सुरुवात मात्र डीडीटीपासून करावी लागते. पॉल म्यूलरने १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला. दुसऱ्या महायुद्धात नेपल्स शहरात टायफसची साथ आली, तेव्हा लाखो लोकांच्या कपड्यांत, केसांत, अंगावर डीडीटीची भुकटी फवारली गेली. साथ आटोक्यात आली आणि माणसांना तत्काळ काही झाले नाही. १९४६ पासून मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली कारवार आणि धारवाडकडच्या भागांत घरोघर डीडीटी फवारून हिवतापाशी झुंज सुरू झाली, आणि तिला मोठे यश आले. डीडीटीचे रसायन मोठे चमत्कारिक. किड्याच्या मेणचट कवचातून ते सहज आत शिरते, पण कोरड्या भुकटीच्या रूपात माणसाच्या कातडीतून फारच थोडे जाते. माझ्या मते फवारणीतला पहिला धोका इथेच पेरला गेला. उघड्या हातांनी, उघड्या अंगाने कीटकनाशक हाताळायची सवय एका संपूर्ण पिढीला लागली, आणि ती लागली एका अपवादामुळे.

नंतर आलेली रसायने अपवाद नव्हती. जर्मन रसायनतज्ज्ञ गेऱ्हार्ड श्राडर याने १९४४ साली पॅराथिऑन तयार केले. टाबुन आणि सारिन हे युद्धातले विषारी वायूही याच माणसाच्या प्रयोगशाळेतून निघाले होते. या सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या रसायनांचे काम एकच. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे ॲसिटिलकोलिन हे द्रव्य काम झाल्यावर मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते, कोलिनएस्टरेज. ही रसायने त्याला बांधून ठेवतात. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ, घाम, अश्रू वाहत राहतात, स्नायू फडफडतात, श्वासनलिका स्रावाने भरतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. किड्याच्या शरीरात जे होते तेच माणसाच्या शरीरात होते, फरक मात्रेचा.

आणि मात्रा कातडीतून भरते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर तो मिलीमीटरचा शंभरावा-पन्नासावा हिस्सा एवढाच जाड. या पेशी एकमेकींना स्निग्ध द्रव्याने सांधलेल्या असतात. पाणी त्यांतून सहजी जात नाही, पण तेलात विरघळणारे लहान रेणू त्या सांध्यांतून वाट काढतात. स्पर्शाने किडा मारणारे कीटकनाशक मुळात कवच भेदण्यासाठीच घडवलेले असते. शिवाय बाटलीत ते एकटे नसते, द्रावके आणि पसरवणारी द्रव्ये त्याच्यासोबत असतात. पानावर औषध नीट पसरावे म्हणून घातलेली ही द्रव्ये हातावरही तेच काम करतात.

शेतावर माणसाच्या अंगावर किती विष पडते हे पद्धतशीर मोजण्याचा मान अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावाकडे जातो. भोवताली सफरचंदाच्या बागा आणि बागांत पॅराथिऑनचे फवारे. तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रयोगशाळेतल्या डरहॅम आणि वुल्फ या दोघांनी मजुरांच्या खांद्यांवर, छातीवर, पाठीवर, मनगटांवर शोषक कागदाच्या चौकोनी पट्ट्या लावल्या. फवारणी झाल्यावर पट्ट्या काढून त्यांतले विष मोजले आणि त्यावरून उघड्या अंगावर तासाला किती पडते याचा हिशेब मांडला. त्यांची पद्धत १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आली. श्वासावाटे जाणारे विष कातडीवर पडणाऱ्या विषाच्या तुलनेत अगदी थोडे असते, हे त्यातून स्पष्ट झाले. आजही आपल्याकडे फवारणीतली काळजी म्हटले की तोंडाला बांधलेला रुमाल डोळ्यांपुढे येतो. तो रुमाल घामाने आणि फवाऱ्याने ओला झाला की गालावर, ओठांवर औषधाची पट्टी बांधल्यासारखेच होते.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, तापमानाचा प्रश्न तपासला गेला. स्वयंसेवकांचे हात पॅराथिऑनच्या भुकटीत ठेवून, खोलीचे तापमान बदलत, त्यांच्या लघवीतून बाहेर पडणारा विषाचा अवशेष मोजला. खोली जितकी तापलेली, तितके अधिक विष अंगात गेलेले. उकाड्यात कातडीकडे रक्त जास्त वाहते आणि घामाने ती भिजून फुगते. हा निष्कर्ष विदर्भातल्या सप्टेंबरपाशी ठेवून पाहावा.

मग सॅन फ्रान्सिस्को. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या वैद्यकीय शाखेत हॉवर्ड मायबाक आणि रॉबर्ट फेल्डमन यांनी किरणोत्सारी कार्बनची खूण लावलेली कीटकनाशके माणसांच्या कातडीवर लावली आणि पुढचे पाच दिवस त्यांची लघवी तपासली. १९७१ साली आलेला त्यांचा तक्ता मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. पॅराथिऑन हाताच्या पुढच्या भागावर लावले तर ८.६ टक्के आत जाते. तळहातावर ११.८ टक्के, पोटावर १८.५, डोक्याच्या कातडीतून ३२ आणि कपाळातून ३६ टक्के. काखेत ६४ टक्के. आणि अंडकोशाच्या कातडीतून जवळपास सगळेच्या सगळे. १९७४ मध्ये त्यांनी बारा रसायनांची तुलना छापली, हाताच्या पुढच्या भागावरचीच. मॅलाथिऑन ८.२ टक्के, पॅराथिऑन ९.७, मोनोक्रोटोफॉस १४.७, आणि कार्बारिल तब्बल ७३.९ टक्के. हे कार्बारिल म्हणजे तेच, जे बनवण्यासाठी भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट साठवले जात होते.

हे आकडे आले त्या काळातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६० आणि ७० च्या दशकांत या विद्यापीठाच्या त्वचाविकार विभागातल्या मायबाक आणि विल्यम एपस्टाइन या दोन प्राध्यापकांनी व्हॅकाव्हिलच्या तुरुंगातल्या किमान २,६०० कैद्यांवर प्रयोग केले. त्यांत कीटकनाशके आणि तणनाशके कातडीवर लावण्याचे प्रयोगही होते. कैद्यांची संमती कितपत मोकळी होती याबद्दल गंभीर शंका घेतल्या गेल्या. १९७७ मध्ये हे काम थांबले आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती अशा माणसांच्या अंगावर त्या काळात कातडीचे ज्ञान उभे राहत होते. म्हणूनही ते वाया घालवण्याचा अधिकार कोणाला नव्हता.

पुढे माणसाची गरज उरली नाही. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये एका काचेच्या लहान पात्राची पद्धत मांडली. शरीरापासून वेगळ्या केलेल्या मानवी कातडीचा तुकडा मधोमध ताणून बसवायचा, वर औषध, खाली रक्ताच्या जागी द्रव. कातडीचा पृष्ठभाग ३२ अंशांवर ठेवायचा आणि खालचा द्रव ठरावीक वेळाने काढून तपासायचा. २००४ साली हीच पद्धत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या चाचणी-निर्देशांत ४२८ क्रमांकाने आली. आज जगभरातली नियामक मंडळे तिच्या आधारे फवारणाऱ्याला कितपत धोका आहे ते ठरवतात. चाचणी केलेली नसेल तर सावध आकडा धरायचा, असा युरोपचा दंडक आहे. इटलीतल्या पार्मा शहरातील युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०१७ मध्ये याची नवी मार्गदर्शिका काढली. त्यानुसार पाण्यात कालवून पातळ केलेल्या औषधाचा, प्रकार पाहून, निम्मा किंवा सत्तर टक्के भाग कातडीतून आत जातो असे गृहीत धरायचे. पातळ केले म्हणजे धोका टळला, या समजुतीला त्यात जागा नाही. पाणी घातल्याने विषाचे प्रमाण उतरते हे खरे, पण कातडीवर पडलेल्यातला आत जाणारा वाटा उलट वाढतो. ही मार्गदर्शिका निघाली त्याच महिन्यात यवतमाळात कपाशीची लावण चालू होती.

आपल्याकडचा कायदाही विषबाधेतूनच जन्मला. १९५८ मध्ये जहाजात गव्हाच्या पिठावर पॅराथिऑन सांडले आणि केरळात ते पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या मार्गाने १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण याच नियमांतला. तो रंग ठरवताना दोन मोजमापे घेतली जातात: पोटात गेल्यास प्राण्यांना मारक ठरणारी मात्रा आणि कातडीवर लावल्यास मारक ठरणारी मात्रा. लाल त्रिकोणासाठी कातडीची मात्रा किलोमागे २०० मिलीग्रॅमपर्यंत. म्हणजे कातडी ही विषाची वाट आहे हे भारत सरकारने १९७१ पासून प्रत्येक बाटलीवर रंगाने लिहून ठेवले आहे. त्याच नियमांत कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, उतारा औषधांचा साठा, प्रशिक्षण यांची कलमे आहेत. पण हे प्रकरण प्रामुख्याने कारखान्यातला कामगार आणि व्यावसायिक फवारणीवाला यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. सकाळी चौकातून बोलावलेला, दोन दिवस एकाकडे आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे पंप मारणारा शेतमजूर कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. त्याचे रक्त कोण तपासणार?

आता मांजरी. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथे १९९७ मध्ये सुरू झाले, शेजारीच द्राक्ष बागायतदार संघाचे कार्यालय. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि निर्यातीवर संकट आले. त्यानंतर जे घडले ते खरोखर कौतुकाचे आहे. बागांची नोंदणी, कोणते औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचे याचे तक्ते, बागेतून नमुने, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, आणि त्या सर्वांवर देखरेख करणारी मांजरीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे पुन्हा माल अडकला, तेव्हा तोही चाचणीत आला. एक किलो द्राक्षांत मिलीग्रॅमचा शंभरावा हिस्सा इतके सूक्ष्म मोजमाप आज जुन्नर, नाशिक, सांगलीच्या बागांसाठी नित्याचे झाले आहे. रॉटरडॅमच्या बाजारातून घड उचलणाऱ्या अनोळखी माणसाच्या पोटात काय जाईल हे पुणे जिल्ह्यात बसून इतक्या काटेकोरपणे पाहिले जाते. त्याच वेलीवर हंगामभर फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगात काय गेले हे पाहण्याची साखळी मात्र उभी राहिली नाही. मांजरीच्या शास्त्रज्ञांना यात दोष नाही, ते त्यांना दिलेले काम उत्तम करतात. पण यंत्रे, कुशल माणसे, नमुना घेण्याची शिस्त, नोंदीची व्यवस्था, सगळे या राज्यात होते. ज्याचा माल परत येतो त्याच्यासाठी ते उभे राहिले. मजूर परत पाठवता येत नाही, एवढाच फरक.

या सगळ्या ज्ञानाच्या उजेडात यवतमाळकडे पाहिले की काहीच अनाकलनीय राहत नाही. अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेष तपास पथकाने कारणे नोंदवली. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती, कुठे कुठे माणसाच्या डोक्याबरोबर. बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र कालवली गेली. जास्त दाबाचे, बारीक तुषार उडवणारे पंप वापरात होते. हवा दमट आणि उष्ण. आता १९७१ चा तो तक्ता आठवा. पीक गुडघ्याएवढे असते तेव्हा पोटऱ्या भिजतात. ते छातीच्या वर गेले की फवारा डोक्यावर, कपाळावर, मानेवर येतो. ओल्या फांद्या मांड्यांना आणि जांघांना पुसत जातात. पाठीवरचा पंप गळत असेल तर ते पाणी कमरेखाली उतरते. ज्या भागांतून सर्वाधिक विष आत जाते, तेच भाग त्या वर्षी सर्वाधिक भिजले, आणि तेही घामाने मऊ पडलेल्या कातडीवर, दिवसभर अंगावर वाळणाऱ्या कपड्यांतून.

कोलिनएस्टरेज किती उरले आहे हे रक्ताच्या एका चाचणीने कळते. यवतमाळच्या त्या रुग्णालयात तेव्हा या चाचणीची सोय नव्हती. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करत राहिले. नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत पाच उत्पादनांवर बंदी घातली: मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन, ॲसिफेट, आणि प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन व फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणे. बंदी साठ दिवसांची होती, कारण १९६८ चा कायदा राज्याला याहून फार पुढे जाऊ देत नाही. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. मृतांच्या कुटुंबांना शासनाने दोन लाख रुपये दिले. २०२० साली काही कुटुंबांनी डायफेन्थियुरॉनच्या 'पोलो' या उत्पादनावरून स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिंजेन्टा कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाला देशभर निरोप देणारा केंद्राचा आदेश सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला, फेल्डमन-मायबाक यांच्या १४.७ टक्क्यांनंतर एकोणपन्नास वर्षांनी.

संरक्षक पोशाख का घातला नाही, असा सवाल मजुराला विचारणे सोपे आहे. रबरी हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा, चष्मा घालून भाद्रपदाच्या उन्हात पंप पाठीवर घेऊन कोणी दिवस काढून दाखवावा. ही अडचण ओळखून काम करणारे लोक आहेत. बंगळुरूच्या इन्स्टेम या संस्थेत प्रवीण कुमार वेमुला यांच्या गटाने कातडीवर लावायचा एक लेप बनवला. सेंद्रिय फॉस्फरस रसायन कातडीत शिरण्याआधीच तो त्याचे विघटन करतो. उंदरांवरचे त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच रसायनशास्त्रावर आधारलेला, धुऊन पुन्हा वापरता येणारा सुती पोशाख 'किसान कवच' या नावाने डिसेंबर २०२४ मध्ये आला. किंमत सुमारे चार हजार रुपये. ही रक्कम रोजंदारीच्या मजुराने भरावी अशी अपेक्षा कोणी करू नये. तो ज्याच्या शेतात फवारतो त्याने, औषध विकणाऱ्या कंपनीने आणि शासनाने ती उचलली पाहिजे.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून नियम आहे: अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या मजुराचे कोलिनएस्टरेज हंगामाआधी एकदा मोजायचे, मग अधूनमधून तपासत राहायचे आणि तांबड्या पेशींतले प्रमाण मूळ पातळीच्या सत्तर टक्क्यांवर किंवा त्याखाली आले की त्याला फवारणीवरून काढायचे. माणूस पडण्याआधी रक्त सांगते. पुण्याच्या कृषी आयुक्तालयाने आरोग्य विभागाला सोबत घेऊन कापसाच्या आणि द्राक्षाच्या तालुक्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, जूनमध्ये हीच तपासणी सुरू करावी. द्राक्षासाठी जी शिस्त या राज्याने वीस वर्षांत उभी केली, तिच्या तुलनेत हे काम लहान आहे.

पुण्यात राहणाऱ्या अनेकांची गावाकडे शेती आहे, वाट्याने दिलेली किंवा फोनवरून चालवलेली. फवारणीला माणूस लावत असाल तर एवढे करा. पंप गळत नाही ना ते आधी पाहा. औषध कालवताना हातमोजे द्या, कारण बाटलीतले पातळ न केलेले औषध सर्वांत जहाल असते. पीक छातीच्या वर गेले असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारणी करू नका. शेतावर साबण आणि दोन घागरी पाणी ठेवा. कपडे भिजले की काम थांबवून ते लगेच उतरवायला सांगा, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवायला लावा आणि ते कपडे वेगळे धुतल्याशिवाय दुसऱ्या दिवशी घालू देऊ नका. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अकारण घाम सुरू झाला तर औषधाची बाटली सोबत घेऊन त्याला थेट रुग्णालयात न्या, आणि डॉक्टरांना सांगा की त्याने काही प्यायलेले नाही, अंगावर पडले आहे.